कोणामुळे झालं? दुर्मीळ जनुकीय आजाराचं मूल आणि आपलं घर



माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा गोळ्या देणारा डॉक्टर नाही. माझी पीएच.डी. तत्त्वज्ञानातली, आणि आयुष्यभर कॉलेजात तेच शिकवलं. औषध कोणतं, डोस किती, हे तज्ज्ञांना विचारायचं. आज मी ज्या प्रश्नावर बोलणार आहे तो मात्र माझ्या विषयात बसतो. दुर्मीळ जनुकीय आजाराचं मूल घरात जन्मलं की पहिला प्रश्न उपचाराचा निघत नाही. पहिला प्रश्न निघतो, "कोणामुळे झालं?" आपल्या वऱ्हाडीत, "काऊन असं झालं व माय? कोनाच्या घरचं आलं हे?" माझं म्हणणं असं, की आजार घराला थकवतो, पण घर मोडतं ते या प्रश्नानं. आज हाच प्रश्न आपण नीट उलगडून पाहू.

आधी 'दुर्मीळ' या शब्दाकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी लोकांना होणारा आजार तो दुर्मीळ. असे सात-आठ हजार आजार जगात नोंदलेले आहेत आणि त्यातले बहुतेक, म्हणजे शंभरातले ऐंशीच्या आसपास, जनुकीय आहेत. एकेक आजार दुर्मीळ, पण सगळे मिळून रुग्णांची संख्या प्रचंड. एकेका पिकावरचा रोग तालुक्यात क्वचित दिसतो, पण रोग नावाची गोष्ट दर हंगामात कोणाच्या तरी शेतात असतेच, तसं हे.

दुर्मीळ हा शब्द मोजणाऱ्याचा आहे, हे लक्षात ठेवा. ज्या घरात तो आजार आहे, त्या घरात तो दहा हजारात एक नसतो, तिथे तो रोज सकाळी उठतो. दुर्मीळ असण्याचा त्या घराला एक तोटा मात्र नक्की होतो. आजूबाजूला कोणी तो पाहिलेला नसतो. शेजारणीनं नाही, अंगणवाडीताईनं नाही, पुष्कळदा गावातल्या डॉक्टरांनीही नाही. ज्याला नाव नसतं, त्याला लोक आपापल्या मनातलं नाव देतात. गडबड इथून सुरू होते.

एक घर कल्पूया

नीट समजावं म्हणून आपण एक घर कल्पू. इथलंच समजा, सातपुड्याच्या पायथ्याचं, थोडी कपाशी, थोडी तूर. आई, वडील, आजी, सात वर्षांची मुलगी, आणि वर्षाचं बाळ. बाळ बसायला लागलं, पण उभं राहत नाही. पाय लुळे वाटतात. आजी म्हणते, "याचा बापही उशिराच चालला होता." दोन-तीन महिने त्यात जातात. मग तेल, मग मालिश, मग कोणी सांगितलं म्हणून एखादा गंडा. मग अकोट, मग अकोला. तिथून कोणी नागपूरला पाठवतं, कोणी मुंबईला. शेवटी रक्ताची जनुकीय तपासणी होते आणि एक लांबलचक नाव हातात पडतं: स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. तोंडी सगळे एसएमए म्हणतात.

या आजारात पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमधल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हुकूम पोचत नाही, म्हणून स्नायू वाळत जातात. व्हिएन्नाच्या वेर्डनिगनं 1891 मध्ये आणि जर्मनीतल्या हॉफमननं त्यानंतर लगेचच त्याचं वर्णन केलं होतं. त्यामागचं जनुक 1995 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना सापडलं. आजार सौम्य-तीव्र अशा अनेक प्रकारचा असतो. अगदी तीव्र प्रकारात, उपचार नसतील तर, बाळ दोन वर्षंही काढत नाही. मधल्या प्रकारात मूल बसतं, पण आधाराशिवाय चालत नाही. एक गोष्ट कुठल्याही प्रकारात विसरू नये: बुद्धीला धक्का लागत नाही. हे मूल सगळं समजतं. घरात दबक्या आवाजात चाललेला "कोणामुळे" हा वादही त्याला समजतो.

त्या घरात वाद सुरू होतोच. सासू म्हणते, आमच्या खानदानात असं कोणी नाही. माहेर म्हणतं, आमच्यातही नाही. आणि गंमत अशी, की दोघंही खरं बोलत असतात.

दोघंही खरं बोलतात ते कसं?

आपल्या शरीरातली बहुतेक जनुकं जोडीनं असतात. एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. एसएमएच्या जनुकाचंही तसंच. जोडीतलं एक बिघडलेलं असलं तरी दुसरं काम निभावून नेतं. असा माणूस धडधाकट असतो, शेती करतो, कुस्ती खेळतो, म्हातारा होतो. त्याला वाहक म्हणतात. तो वाहक आहे हे त्याला, त्याच्या बापाला, आज्याला कधीच कळत नाही, कारण कळण्यासारखं काही घडतच नाही.

आता दोन वाहकांचं लग्न झालं. मुलाला प्रत्येकाकडून एकेक जनुक मिळणार. दोघांकडून चांगलं आलं तर प्रश्न नाही. एकाकडून चांगलं, दुसऱ्याकडून बिघडलेलं आलं तर मूल आईबापासारखंच वाहक. दोघांकडूनही बिघडलेलं आलं तरच आजार. ही शक्यता चारात एक.

हिशेबच करू. साधारण पन्नास माणसांत एक जण एसएमएचा वाहक असतो असं धरलं, तर नवरा आणि बायको दोघंही वाहक असण्याची शक्यता पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे अडीच हजारात एक. त्यातल्या चारात एका मुलाला आजार. म्हणजे दहा हजारात एक. जगभर या आजाराचं प्रमाण साधारण एवढंच सांगितलं जातं. पिढ्यानपिढ्या दोन्ही घराण्यांत एकही रुग्ण नसणं आणि या पिढीत अचानक एक मूल जन्मणं, या दोन गोष्टींत विरोध नाही. उलट बहुतेकदा असंच होतं.

चारात एक याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. "एक झालं ना असं, आता पुढची तीन चांगली." तसं नाही. नाणं उडवलं आणि छापा आला, म्हणून पुढच्या वेळी काटा येणारच असं नाणं लक्षात ठेवत नाही. प्रत्येक गरोदरपणात शक्यता पुन्हा नव्यानं चारात एक.

सगळे आजार असे चालत नाहीत. हिमोफिलियात रक्त गोठत नाही. ड्युशेन नावाच्या आजारात चालणारा मुलगा आठ-दहा-बारा वर्षांचा होईस्तोवर चालणं गमावतो. या दोन्हींचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एक्स एकच, तो आईकडून आलेला. म्हणून आई वाहक असली तर मुलग्याला आजार व्हायची शक्यता निम्मी. इथे लोकांना आयतं बोट दाखवायला मिळतं: "बघा, आईकडूनच आलं!" पण हिमोफिलियाच्या आणि ड्युशेनच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी काहीच नसतं, जनुकातला बदल नव्यानंच झालेला असतो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीकडून हिमोफिलिया युरोपच्या राजघराण्यांत गेला, रशियाच्या शेवटच्या झारच्या मुलापर्यंत पोचला. राणीच्या पूर्वजांत तो कोणाला दिसलेला नव्हता. राजवाड्यात वैद्य होते, पैसा होता, पहारे होते. जनुक पहाऱ्याला विचारून आत येत नाही.

कुंभाराचं गाढव

आता माझ्या विषयात येतो. आपल्या न्यायशास्त्रानं कारण म्हणजे काय याचा फार बारकाईनं विचार केलेला आहे. कार्याच्या आधी जे नियमानं असतं, आणि ज्याच्याशिवाय कार्य होत नाही, ते कारण. मग नैयायिक स्वतःच शंका काढतात: मडकं घडलं त्याआधी कुंभाराचं गाढव माती घेऊन आलं होतं. मग गाढव मडक्याचं कारण का? उत्तर, नाही. माती बैलगाडीनंही येऊ शकते, डोक्यावरूनही येऊ शकते. गाढव तिथे होतं एवढंच. माती, चाक, कुंभार ही कारणं. गाढव आधी असूनही कारण नाही.

आता त्या घरात परत जा. "ग्रहणात तिनं विळी हातात घेतली होती." "सातव्या महिन्यात पपई खाल्ली." "पाळणा आधीच आणून ठेवला." "लग्नात अमक्याचा मान राहिला." ही सगळी कुंभाराची गाढवं आहेत. ती आधी होती. ग्रहणात विळी धरलेल्या बायांची हजारो मुलं तालुक्यात धावताहेत, आणि ग्रहणभर दाराआड बसलेल्या बाईलाही एसएमएचं मूल होऊ शकतं. जे असताना कार्य होत नाही आणि नसतानाही होतं, त्याला कारण म्हणायचं नाही. हे मी युरोपातून आणलेलं शास्त्र सांगत नाही, आपलंच सांगतोय.

दुसरी पायरी याहून महत्त्वाची आहे. समजा खरं कारण सापडलं. दोन्ही पालक वाहक, किंवा आई वाहक. तेव्हा सापडलं ते कारण. दोष सापडला नाही. कारण आणि दोष या दोन शब्दांत आपण रोजच्या बोलण्यात फरक करत नाही आणि तिथे घात होतो. दोष द्यायचा तर त्या माणसाला माहीत असावं लागतं, त्याच्या हातात निवड असावी लागते, आणि तरी त्यानं चुकीचं निवडलेलं असावं लागतं. आपल्या पेशीतलं कोणतं जनुक बाळाकडे जाईल हे कोणती आई निवडते? कोणता बाप निवडतो? पाऊस पडला नाही याचं कारण हवामानखातं सांगेल, पण म्हणून पावसावर कोणी गुन्हा नोंदवत नाही.

कोणी म्हणेल, सर, मग कर्माचं काय? मागल्या जन्मीचं काही असेल. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी मी इथे वाद घालणार नाही. एवढंच म्हणेन, की कर्मसिद्धांत मानणाऱ्यांनीही तो स्वतःच्या वागण्याला वळण लावायला वापरायचा असतो; दुसऱ्याच्या लेकराचा पंचनामा करायला नव्हे. शेजाऱ्याच्या मागल्या जन्माची फाइल आपल्यापैकी कोणाकडेच नाही.

हा धडा आपला भाग एकदा शिकलेला आहे. कुष्ठरोग म्हणजे पापाचं फळ, असं आपले आजे-पणजे खात्रीनं मानत. 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सननं त्याचा जंतू दाखवला. तरी घराबाहेर काढणं चालूच राहिलं, कारण जंतू कळला तरी दोष मनातून गेला नव्हता. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. औषध तर दिलंच, पण त्याआधी त्यांनी 'पाप' हा शब्द त्या माणसांवरून उतरवला. जनुकीय आजारांच्या बाबतीत ते काम अजून राहिलं आहे.

सिकलसेलनं काय शिकवलं

विदर्भात जनुकीय आजाराचं सर्वांत ओळखीचं नाव सिकलसेल. आपल्याकडे तो दुर्मीळ म्हणता येणार नाही, पण वागणूक एसएमएसारखीच: दोन वाहक पालक, चारात एका मुलाला आजार. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, असह्य दुखतं, रक्त कमी होतं. मेळघाटात, गडचिरोलीत, आणि आदिवासींखेरीज इतर अनेक समाजांतही तो आहे.

हे जनुक एवढं का टिकलं? 1954 मध्ये अॅलिसन या शास्त्रज्ञानं आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की सिकलसेलच्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक असलेली मुलं जास्त जगली. ज्याला आपण आज घराण्याला लागलेला डाग म्हणतो, त्यानं कदाचित तुमच्या पणज्याला तापातून वाचवलं असेल. ते जनुक त्या पणज्याला उपकार ठरलं आणि पणतूला आजार. आता दोष कोणाला देणार? तुमच्या-माझ्यासकट प्रत्येकाच्या अंगात अशी काही बिघडलेली जनुकं असतातच. फक्त आपली गाठ त्याच जनुकाच्या दुसऱ्या वाहकाशी पडलेली नसते.

दोष देण्याची खरी किंमत इथे दिसते. जिथे कारण म्हणजे दोष, तिथे माणसं लपवतात. पहिल्या मुलाचा आजार लपवला, की बहिणीच्या, दिराच्या, चुलतभावाच्या लग्नाआधी तपासणी होत नाही. सोयरीक मोडेल ही भीती. आईबाप पुढच्या बाळाआधी समुपदेशकाकडे जात नाहीत, कारण जाणं म्हणजे कबुली देणं असं वाटतं. मग दुसरं मूलही त्याच आजाराचं जन्मतं. हे टाळता येण्यासारखं होतं. टळलं नाही याला जनुक जबाबदार नाही, आपली जीभ जबाबदार आहे.

केंद्र सरकारनं 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजार संपवणं हे उद्दिष्ट. तपासणीनंतर कार्ड मिळतं. कार्ड चांगलं, पण त्याचा उपयोग कसा होतो यावर सगळं आहे. वाहकाचं लग्न वाहक नसलेल्याशी झालं तर मुलाला तो आजार होत नाही. म्हणजे कार्ड लग्न मोडायला दिलेलं नाही, समजून करायला दिलेलं आहे. मामाच्या मुलीशी लग्नाची पद्धत आपल्याकडे अजून आहे. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या जनुकांचा आठवा हिस्सा समान असतो, त्यामुळे दोघंही एकाच जनुकाचे वाहक निघण्याची शक्यता वाढते. अशा लग्नाआधी चौकशी करावी. पण लग्न झालेल्यांना वीस वर्षांनी त्यावरून टोचू नये. त्या वेळी त्यांना माहीत नव्हतं, आणि लग्न तुम्हीच लावलं होतं.

घरात एक मूल आजारी असेल आणि दुसरं हवं असेल, तर गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून गर्भाची जनुकीय तपासणी करता येते. मात्र पहिल्या मुलातला नेमका बदल आधीच शोधून ठेवलेला हवा. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा लिंग सांगायला मनाई करतो. जनुकीय आजाराची तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायदेशीर आहे. पुढे काय करायचं तो निर्णय त्या दोघांचा. त्यात शेजाऱ्यांना मत नाही, आणि तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकालाही नाही.

दिवस कसा जातो

आता आपल्या कल्पनेतल्या घरात बाळ चार वर्षांचं झालं आहे. त्याला रात्री कूस स्वतः बदलता येत नाही. दोन-तीन वेळा उठून कोणीतरी बदलावी लागते. सकाळी छातीतला कफ सुटावा म्हणून पाठ थोपटायची, हातपाय आखडू नयेत म्हणून ताणायचे. घास लहान, सावकाश. साधी सर्दीही छातीत उतरते म्हणून धास्ती. कफ ओढायचं यंत्र असेल तर वीज जाण्याची धास्ती. आणि अकोल्या-अकोटचा मे महिना सांगायला नको.

हे सगळं कोण करतं? बहुतेक घरांत एकच उत्तर: आई. का? ते "कोणामुळे" या प्रश्नाचं शेपूट आहे. तिच्याकडून आलं असं मनात ठरलेलं असतं, म्हणून तिनंच निस्तरायचं. तिलाही आतून तसंच वाटतं, म्हणून ती मदत मागत नाही. मागितली तर कबुली दिल्यासारखं होईल ना! वडील जास्त कामं घेतात, घराबाहेर राहतात. पैसा लागतो हे खरं, पण घरातल्या शांततेला घाबरून बाहेर राहणारेही असतात. आणि ती सात वर्षांची ताई आता दहाची झाली. ती शहाणी आहे, हट्ट करत नाही, असं सगळे कौतुकानं सांगतात. दहा वर्षांचं लेकरू हट्ट करत नसेल तर कौतुकाआधी काळजी करा. आठवड्यातला एक तास तिच्या एकटीचा ठेवा. आणि तिला सांगा, की भावाचा आजार तिच्यामुळे झालेला नाही. मुलं अशी गोष्ट मनात धरून बसतात, कोणाला सांगत नाहीत.

दोष बाजूला काढला की कामाची वाटणी करता येते. जबाबदारी दोषातून येत नाही, ती नात्यातून आणि ताकदीतून येते. विहिरीत पडलेल्याला काढायला ढकलणाराच शोधायचा नसतो; ज्याला पोहता येतं तो उडी मारतो. रात्रीची एक पाळी वडिलांची. घास भरवणं आजीचं, आणि ती ते सगळ्यांत छान करते. काका महिन्यातून एकदा दवाखान्याच्या वारीला सोबत. शेजारीण दुपारचे दोन तास बसली, तर आई झोपेल. तिला उपदेश नको असतो, झोप हवी असते.

पैसा, आशा आणि सरकार

पैशाचं बोललंच पाहिजे. एसएमएवर आता औषधं आहेत. 2019 मध्ये अमेरिकेत झोलजेन्स्मा या जनुकोपचाराला मान्यता मिळाली. एकच इंजेक्शन, किंमत आपल्या पैशात सुमारे 16 कोटी रुपये. 2021 मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकांनी वर्गणी जमवली, केंद्रानं काही कोटींचा कर माफ केला आणि तिला ते मिळालं. त्याच वर्षी आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या एका बाळालाही ते मिळालं, पण काही आठवड्यांतच ते बाळ गेलं. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. औषधं आजार थांबवतात किंवा सावकाश करतात. मेलेल्या पेशी परत आणत नाहीत. म्हणून जितकं लवकर, तितकं चांगलं. आणि "पूर्ण बरं करतो" अशी हमी देऊन पैसे घेणारा कोणी भेटला तर उठून चालू लागा.

केंद्राचं दुर्मीळ आजार धोरण 2021 मध्ये आलं. त्यात आजारांचे तीन गट केले आहेत: एकदाच्या उपचारानं बरे होऊ शकणारे, दीर्घकाळ पण तुलनेनं कमी खर्चाचे, आणि आयुष्यभर अतिशय महाग उपचार लागणारे. एसएमए तिसऱ्या गटात. 2022 पासून नेमून दिलेल्या केंद्रांमार्फत एका रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. महाराष्ट्रातलं असं केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम रुग्णालय. नाव तिथे नोंदवायचं. हिवरखेडहून ही वारी सोपी नाही, हे मला कळतं, पण ज्याची नोंद नाही तो सरकारच्या हिशेबात नाही. 50 लाख ही रक्कम 16 कोटींपुढे काय पुरणार, हा प्रश्नही रास्त आहे.

अलीकडची एक गोष्ट मात्र दिलासा देणारी. रिसडिप्लाम हे एसएमएवरचं तोंडानं घ्यायचं औषध. मूळ कंपनीची एक बाटली सहा लाखांच्या वर. पेटंटवरून कोर्टात भांडण झालं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर हैदराबादच्या नॅटको कंपनीनं तेच औषध 15,900 रुपयांना आणलं. वीस किलोहून जास्त वजनाच्या रुग्णाला रोज 5 मिलिग्रॅम लागतं, बाटलीत 60 मिलिग्रॅम. म्हणजे बाटली बारा दिवसांची, वर्षाला तीस. पावणेपाच लाखांच्या वर खर्च. कोरडवाहू कपाशीवाल्याला हेही डोंगराएवढं आहे. पण जिथे प्रार्थनाच करायची होती, तिथे आता मागणी करता येते. पावणेपाच लाख सरकार देऊ शकतं. हे मागायला एकट्या आईनं जायचं का सगळ्या गावानं, हे तुम्ही ठरवा.

गावपातळीवरही दारं आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळेत येतात. मूल दाखवा, लपवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता आहे. त्यात स्नायूंचे आजार, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आहेत. प्रमाणपत्र काढून ठेवा. आणि शाळा सोडू देऊ नका. पाय चालत नसतील, डोकं चालतं.

आमच्या मागे काय?

या आईबापांचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जड. तो दिवसा कोणी विचारत नाही. "आमच्या मागे याचं कोण?" काही आजारांत हा प्रश्न उलटा असतो, मूलच आधी जाणार असतं. तिथे मी शब्द वापरणार नाही. त्या घराजवळ नुसतं बसावं, आणि मूल गेल्यावर "सुटलं बिचारं" असं म्हणू नये. आईला ते सुटलेलं वाटत नाही.

जिथे मूल मागे राहणार आहे, तिथे उत्तर शोधावं लागतं. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वाढवलं आणि बापाच्या जागी स्वतःचं नाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं झाली की बालगृहातून मुलांना बाहेर काढायचा नियम. ही मुलं अठराव्या वर्षी कुठे जाणार, हा प्रश्न ते वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले. वझ्झरचं ते काम मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांपेक्षा मोठं वाटतं. त्या मुलांच्या आजाराचं कारण शंकरबाबा नाहीत, दोष तर नाहीच नाही. तरी बापाच्या रकान्यात नाव त्यांचं.

सगळ्यांना शंकरबाबा होता येणार नाही. पण बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगता असलेल्या मुलासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरानंतर कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करायचा. हे काम आईबाप धडधाकट असतानाच करावं. नात्यातल्या कोणाला विचारायचं तर आजच विचारावं.

तेव्हा श्रोतेहो, अशा घरात गेलात तर "कोणामुळे झालं?" हे विचारू नका. त्याचं खरं उत्तर प्रयोगशाळेच्या कागदावर आहे आणि त्यात गुन्हेगार कोणी नाही. त्याऐवजी विचारा, रात्री कोण उठतं, पुढची तारीख कधी आहे, सोबत कोणी आहे का. आणि मग त्या बाळाशी बोला. सगळे त्याच्याविषयी बोलतात, त्याच्याशी बोलणारे कमी. त्याला सगळं समजतं, हे मी मघाशी सांगितलंच आहे.

प्रश्न असतील तर विचारा. डोसचे सोडून.